होम मॅनेजरमधील वेळापत्रकाची कामे एकाच साच्यात बसवावीत का?

मूळ मांडणी
निक्स या पॅकेज व्यवस्थापकावर आधारलेल्या, वापरकर्त्याचे प्रोग्राम आणि सेटिंग्ज मांडणाऱ्या होम मॅनेजरमध्ये मेल आणणे, बॅकअप घेणे, साठलेला कचरा झाडणे अशी नेमून दिलेल्या वेळेची कामे प्रत्येक मॉड्यूल (एकेका प्रोग्रामची मांडणी करणारा भाग) आपापल्या रीतीने मांडते. मेल आणणाऱ्या एमबीसिंकच्या मॉड्यूलमध्ये 'फ्रिक्वेन्सी' असते आणि ती सिस्टिमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रणालीच्या) कॅलेंडरच्या भाषेत लिहावी लागते. गिटचे साठे जुळवत ठेवणाऱ्या गिटसिंकमध्ये 'इंटरव्हल' असतो आणि तो सेकंदांत मोजला जातो. माझ्या मते सिस्टिमडीची सर्व्हिस (काय चालवायचे), टायमर (केव्हा चालवायचे) आणि मॅकवर तेच काम करणाऱ्या लाँचडीचा एजंट हे तिन्ही घडवणारे एकच सामाईक फंक्शन असावे, आणि त्याची चाचणी एकदाच, पण कसून घेतली जावी. आजच्या चाचण्या तयार झालेली युनिट फाइल (सर्व्हिस किंवा टायमरचे वर्णन असलेली फाइल) अपेक्षित मजकुराशी ताडून पाहतात. खऱ्या पॅकेजच्या जागी तर बहुधा नुसता पोकळ बाहुला असतो. 'डेली'ऐवजी चुकून 'डायली' लिहिले आणि अपेक्षित फाइलमध्येही तेच उतरले, तर चाचणी उत्तीर्ण होईल; सिस्टिमडी मात्र तो टायमर चालू करणार नाही.

प्रतिसाद १
असहमत. सामाईक साचा सिस्टिमडी आणि लाँचडी या दोन प्रणालींमधला खरा फरक झाकून टाकेल. सिस्टिमडीच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' हा पर्याय चालू असेल, तर यंत्र बंद असताना हुकलेले काम पुढे टायमर सक्रिय होताच केले जाते. लाँचडीमध्ये कॅलेंडरवर लावलेले काम मॅक झोपलेला असताना हुकले तर जाग येताच होते, पण मॅक पूर्ण बंद असेल तर ती पाळी गेलीच. मग 'रोज' हा एकच शब्द दोन्हीकडे लिहून आपण वापरकर्त्याला नेमके कोणते वचन देतो? मजकुराच्या चाचण्यांना पोकळ म्हणणेही मला पटत नाही, कारण त्या सेकंदांत उरकतात म्हणूनच बदल पाठवणारा माणूस त्या खरोखर चालवतो.

मूळ लेखक
वचनाचा मुद्दा मान्य आहे. तरीही माझा अनुभव सांगतो. घरच्या सर्व्हरवर बॅकअपचा टायमर लावला होता, युनिट फाइल निर्दोष होती, पण वापरकर्त्याचे शेवटचे सत्र संपले की त्याचा सिस्टिमडीही थांबतो आणि सत्रानंतरही तो चालू ठेवणारे 'लिंगर' मी चालू केले नव्हते. कित्येक दिवस एकही प्रत निघाली नाही, आणि कळले ते नेमकी एक फाइल परत हवी झाली तेव्हा.

प्रतिसाद २
हे उदाहरण तुमच्याच बाजूला तोकडे पडते. लिंगर ही यंत्राच्या पातळीवरची सेटिंग आहे. निक्सवरच उभारलेल्या निक्सओएस या लिनक्सवर ती वापरकर्त्याच्या व्याख्येत लिहिता येते, परंतु इतर लिनक्सवर होम मॅनेजरचा तिच्यावर ताबा नाही, त्यामुळे सामाईक फंक्शन असते तरी तुमची प्रत निघाली नसती. आभासी यंत्रात (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) चाचणी घेतली असती, तरी तिथे बहुधा वापरकर्ता लॉगिन केलेलाच असतो. 'डायली'सारखी चूक पकडायला मात्र एवढा खटाटोप नको: बिल्ड करतानाच (फाइली तयार होतानाच) ती वेळ 'सिस्टिमडी-ॲनालाइझ कॅलेंडर' या वेळ तपासणाऱ्या आज्ञेला दिली, की ती तिथेच नाकारली जाईल.

प्रतिसाद १
ही तपासणी मला चालेल, आणि पर्यायांची नावे एकसारखी करायलाही हरकत नाही. 'पर्सिस्टंट'चे मूल्य मात्र प्रत्येक मॉड्यूलनेच ठरवावे: हुकलेला बॅकअप नंतर घेण्यात अर्थ आहे, पण पहाटे तीनला नेमलेली जड साफसफाई सकाळी बंद लॅपटॉप चालू करताक्षणी सुरू झालेली मला नको आहे.