लेकर्सचे सात कोटी डॉलर सोडून डॅन हर्ली कॉलेजातच का थांबला असेल? (आणि आमच्या सरांचं काय करावं)

पार्कचौक_पॉइंटगार्ड:
मंडळी, मला अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघायचा नाद लागलाय, मार्चमधल्या मॅचेस आपल्याकडं रात्री उशिरा नाहीतर पहाटे पडतात, त्यामुळं प्रॅक्टिसला जायच्या आधी मोबाईलवर निम्मी मॅच उरकते. तर युकॉनचा (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) कोच डॅन हर्ली, २०२३ आणि २०२४ सलग दोनदा चॅम्पियन. जून २०२४ मध्ये एनबीएतल्या (तिकडची प्रोफेशनल लीग) लेकर्सनी त्याला सहा वर्षांचे सात कोटी डॉलर देऊ केले अशी बातमी होती आणि गड्यानं चक्क नको म्हणून सांगितलं. लेकर्स हो! लेब्रॉनला कोचिंग करायचं! ड्यूक युनिव्हर्सिटीच्या कोच के नं (माईक शशेव्हस्की) पण २००४ साली लेकर्सलाच नाही म्हटलेलं, तेव्हा चार कोटींचा आकडा ऐकायला मिळायचा. मग ही माणसं थांबतात कशासाठी? निष्ठा बिष्ठा मला पटत नाही.
विचारायचं दुसरं कारण म्हणजे आमच्या कॉलेजच्या सरांना पुण्यातल्या एका प्रायव्हेट अकॅडमीनं बोलावलंय. सर कॉन्ट्रॅक्टवर, दरवर्षी जूनमध्ये नवी ऑर्डर निघेपर्यंत पगार नाही. ग्रुपवर दोन तट पडलेत, निम्मे म्हणतात सर जा, निम्मे म्हणतात आमचं काय. तुम्ही काय म्हणता?

कडकभाकरी:
निष्ठा ठेव बाजूला, सत्ता बघ. कॉलेजात कोचच राजा असतो की बे. पोरगं कुठलं घ्यायचं, कुणाला बेंचवर बसवायचं, सगळं तोच ठरवतो. एनबीएत मोठ्या प्लेअरचा करार गॅरंटीड असतो आणि कोचपेक्षा त्याचा पगार कितीतरी जास्त, मग टीम हरायला लागली की पंधरा प्लेअर काढता येत नाहीत म्हणून एक कोच काढतात. तिथला कोच म्हणजे मालकाच्या गाडीवरचा ड्रायव्हर, रस्ता चुकला की चावी ठेवून घरी.
रिक पिटिनो बघ. केंटकीला १९९६ ची चॅम्पियनशिप, १९९७ ला बॉस्टन सेल्टिक्सला गेला, कोच पण तोच आणि प्रेसिडेंट पण तोच. सगळा डाव कॉलेजातनं येणाऱ्या टिम डंकनवर होता, त्या वर्षी ड्राफ्टच्या (नवे प्लेअर टीम्समध्ये वाटायचा कार्यक्रम) लॉटरीत सर्वात जास्त चान्स बॉस्टनचा होता, पण चिठ्ठी निघाली सॅन अँटोनियोची. जानेवारी २००१ ला १०२ विजय १४६ पराभव घेऊन राजीनामा. कॅलिपारी १९९६ ला न्यू जर्सी नेट्सला गेला, १९९९ ला सीझनची सुरुवात ३-१७, हाकलला. दोघं परत कॉलेजात आले आणि दोघांनी तिथं कप पण जिंकले (पिटिनोचा लुईव्हिलचा नंतर काढून घेतला, ती भानगड वेगळी). मिशिगनचा जॉन बायलाईन तर सगळ्यात वाईट, वयाची साठी उलटल्यावर २०१९ ला एनबीएतल्या क्लीव्हलंडला गेला, ५४ मॅचमध्ये १४ जिंकल्या आणि सीझन संपायच्या आत घरी. कॉलेजात वर्षाला तीस-पस्तीस मॅचेस, एनबीएत ८२. महिन्याभरात दहा मॅच हरायची सवय नसती ओ या लोकांना.
हर्ली शहाणा आहे. लेकर्सना नाही म्हणून युकॉनकडनं पाच कोटींचा नवा करार काढून घेतला. निष्ठा म्हणे!

विजापूररोडवाला:
@कडकभाकरी आपटलेलेच तेवढे मोजलालाव ओ तुम्ही. ब्रॅड स्टीव्हन्स कुठं गेला? बटलरसारख्या बारक्या कॉलेजला २०१० आणि २०११ सलग दोन फायनलला नेलं, दोन्ही हरला, २०१३ ला छत्तिसाव्या वर्षी थेट सेल्टिक्स. गार्नेट-पिअर्स या स्टार प्लेअरना विकून टीम नुकतीच मोडून ठेवलेली, पण मालकांनी सहा वर्षांचा करार दिला आणि पहिल्या वर्षी हरला तरी कुणी काही बोललं नाही. नंतर तीनदा कॉन्फरन्स फायनल (म्हणजे एनबीएची सेमीफायनल), २०२१ पासून ऑफिसात बसून टीम बनवतोय आणि २०२४ चा कप त्याच्याच टीमनं आणला. बॉस्टन तेच, पिटिनोला झेपलं नाही, याला झेपलं.
बिली डोनोव्हन अजून मजेशीर. फ्लोरिडाला २००६, २००७ चॅम्पियन करून ऑर्लंडो मॅजिकशी करार केला आणि थोड्याच दिवसांत म्हणाला मला परत जायचंय. मॅजिकनं सोडलं पण पाच वर्षं एनबीएत कोचिंग करायचं नाही अशी अट घालून. २०१५ ला शेवटी ओक्लाहोमाला गेलाच, २०२० ला शिकागोला. म्हणजे जावं का नाही हा प्रश्न अर्धाच, कधी आणि कुणाकडं हे बघा.
आणि कोच के चं लोक फक्त ४२ वर्षं आणि पाच कप सांगतात. १९८० ला आला तेव्हा पहिल्या तीन सीझनला ३८ जिंकल्या ४७ हरल्या, माजी विद्यार्थी हाकला हाकला म्हणून मागं लागलेले. तिथल्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरनं (कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख) करार वाढवून दिला! कोच टिकतो तेव्हा त्याला टिकवणारा कुणीतरी वर बसलेला असतो, हे आपल्याकडच्या मॅनेजमेंटनी जरा वाचावं. (वाचणार नाहीत.)

शूटर_ताई:
मी सोलापूरकडनं युनिव्हर्सिटी खेळलेय, आता शाळेत पीटी शिकवते, त्यामुळं अमेरिकेचं राहू दे, इकडचं सांगते.
आपल्याकडं फिजिकल डायरेक्टरची पर्मनंट पोस्ट वेगळी आणि कोच वेगळा. पीडी सरांना अ‍ॅडमिशनपासून इलेक्शन ड्युटीपर्यंत सगळी कामं, आणि ते मूळचे खो-खो नाहीतर कुस्तीचे असतात. बास्केटबॉलचा कोच म्हणजे तुझ्या सरांसारखा, कॉन्ट्रॅक्टवर. आमचे कोच सकाळी सहाच्या आत कोर्टवर यायचे कारण एप्रिलमध्ये आठ वाजता सिमेंटचं कोर्ट तव्यासारखं तापायचं. एका बाजूची रिंग पुढं वाकलेली, फळीला लागून बॉल सरळ खाली पडायचाच नाही, तर सरांनी आम्हाला त्या बाजूला फक्त बोर्डच्या वरच्या कोपऱ्यावर मारायला शिकवलं. बाहेर अश्वमेधला (विद्यापीठांच्या स्पर्धा) गेलो की चांगल्या रिंगवर आमचे ले-अप चुकायचे, असला प्रकार. नेट त्यांच्या खिशातनं यायची. शेवटी ते गेले. आम्ही रडलो वगैरे, पण कुणीही त्यांना थांबा म्हणालं नाही, कारण त्यांची मुलगी तेव्हा पहिलीत जाणार होती आणि फी कुणी भरणार होतं का?
हर्ली नाही म्हणू शकतो कारण नाही म्हटलं तरी त्याला पाच कोटी डॉलर मिळतात. तुझ्या सरांनी नाही म्हटलं तर त्यांना काय मिळणार, जूनमधली ऑर्डर?

कडकभाकरी:
@शूटर_ताई हे बाकी एक नंबर.

हूप्स_४१३००१:
ताई बरोबर. फक्त एक भर. अमेरिकेत पण आता थांबणं पूर्वीचं राहिलं नाही. जिम बोहाईम सिरॅक्यूजला तिथंच शिकला, तिथंच खेळला आणि १९७६ ते २०२३ तिथंच हेड कोच, असला माणूस आता परत होणं अवघड. २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर पैसे कमवायला परवानगी मिळाली, ट्रान्सफर पोर्टलमुळं (कॉलेज बदलणाऱ्यांची ऑनलाईन यादी) पोरगं दरवर्षी कॉलेज बदलू शकतं, २०२५ पासून तर कॉलेजच थेट पैसे देतंय. म्हणजे कोच चार वर्षं पोरगं घडवणार ही गोष्टच मोडीत निघाली, दर उन्हाळ्यात नवी टीम. व्हर्जिनियाचा टोनी बेनेट, २०१९ चा चॅम्पियन, ऑक्टोबर २०२४ मध्ये सीझन तोंडावर असताना पंचावन्नाव्या वर्षी घरी बसला, म्हणाला या नव्या वातावरणाला मी योग्य माणूस नाही. तो तेव्हा एनबीएत कोच म्हणून गेला नाही, दुसऱ्या कॉलेजला पण नाही. त्यामुळं कॉलेजात राहिलं की शांती असं काही नाही, दोन्हीकडं धंदाच आहे, मग निदान जिकडं भरती करायला पोरांच्या घरी जाऊन आईबापांची मनधरणी करावी लागत नाही तिकडं, म्हणजे एनबीएत, गेलेलं काय वाईट, असं पण बरेच जण म्हणतात.

पार्कचौक_पॉइंटगार्ड:
सगळ्यांचं वाचलं. ताई, तुमच्या वाकलेल्या रिंगचा किस्सा ग्रुपवर टाकला, आमच्याकडं पण सेम, फक्त रिंग डावीकडं गेलीय. सरांना सांगणार आहे जा म्हणून. पण प्रायव्हेट अकॅडमीचं काय खरं असतं? वर्षभरात बंद पडली तर सर ना इकडचे ना तिकडचे.

विजापूररोडवाला:
ते मात्र विचारून घ्या. पगार फिक्स आहे की अ‍ॅडमिशनवर टक्केवारी, हे पहिलं. बऱ्याच ठिकाणी कोचलाच पोरं आणायला लावतात आणि पोरं कमी झाली की पगार कमी. दुसरं, कोर्ट त्यांचं स्वतःचं की एखाद्या सोसायटीचं तासावर घेतलेलं. कोर्ट भाड्याचं असेल तर एका वर्षाची गॅरंटी लेखी घ्या, नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास नको. आणि बॅच कुठली? दहा वर्षांच्या पोरांना ड्रिब्लिंग शिकवायला नेत असतील तर सरांना तसं आधी कळू दे, कॉलेजच्या टीमची सवय असलेला माणूस तिथं लवकर कंटाळतो.

शूटर_ताई:
आणि पटियालाचा एनआयएसचा कोचिंग डिप्लोमा केलाय का त्यांनी? नसेल तर अकॅडमीनं त्याला सुट्टी देणार असं लिहून दिलं तर पगार थोडा कमी असला तरी जावं. तो कागद हातात असला की उद्या अकॅडमी बुडाली तरी दुसरीकडं विचारतात. तुमची टीम म्हणशील तर सीनियर पोरांनी सकाळची प्रॅक्टिस बंद पाडू नका, आम्ही सर गेल्यावर एक अख्खं वर्ष स्वतःच चालवलेली, झोनलला दुसऱ्या राउंडला हरलो, पण टीम खेळायला तरी गेली.

पार्कचौक_पॉइंटगार्ड:
डिप्लोमा नाहीये. विचारतो. ताई, प्रॅक्टिस स्वतः चालवताना कॉलेज चावी देत होतं का गेटची? आमच्याकडं तीच मोठी मारामारी होणार बघा.

शूटर_ताई:
वॉचमन मामांशी जमवून घे. प्रिन्सिपलला अर्ज दिलास तर दिवाळीपर्यंत उत्तर येत नाही.