पोहण्याच्या बॅचमध्ये वरच्या लेनला कधी जावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पुण्यात सकाळी साडेसहाच्या मोठ्यांच्या बॅचला जाते, दोन वर्षं झाली. वय ४४. तलाव २५ मीटरचा, सहा लेन. पहिलीत नवशिके, दुसरीत आम्ही, तिसरीत जरा पळणारे. त्यापुढच्या लेनकडे मी बघतही नाही.

दुसऱ्या लेनमध्ये हल्ली मीच पहिली सुटते. सेट बहुतेकदा दर ३ मिनिटांना १०० मीटर. मी २:२० ला भिंतीला लागते आणि उरलेली ४० सेकंदं काकूंशी गप्पा. (काकू ६७ वर्षांच्या. कुरडयांचा चीक कसा घाटायचा हे सगळं मला त्या चाळीस-चाळीस सेकंदांत कळलंय.) २०० चा सेट असला की शेवटच्या माणसाचे पाय गाठते आणि मग दोरीला चिकटून हळू हळू जावं लागतं.

तिसरी लेन १०० मीटर दर २:३० ला मारते. सरांना विचारलं तर "तुम्हाला वाटेल तेव्हा जा." मला सोमवारी वाटतं आणि बुधवारी वाटत नाही.

मागच्या आठवड्यात तिसरीतले दोघं आले नव्हते, म्हणून गेले. दहा शंभर होते. पहिले चार मजेत, २:१८-२:२०. पुढच्याच्या पायांमागे राहिलं की पाणी आपोआप ओढून नेतं, हे तेव्हा कळलं. सहावा २:२४. आठवा २:३३, म्हणजे मी भिंतीला हात लावायच्या आत पुढचे सुटलेसुद्धा. नवव्यात मागून तळपायाला दोनदा हात लागला. मी गडबडून लेनच्या मधोमध थांबले आणि समोरून येणारे एक गृहस्थ सरळ माझ्या खांद्यावर आदळले. बोलले काही नाहीत. गॉगल वर करून बघितलं फक्त. दहावा न पोहताच मी बाहेर.

मूळची विहिरीतली, पाठीला डबा बांधून शिकलेली. डोकं वर, पाय खाली ही खोड दमले की लगेच परत येते.

तर ठरवायचं कशावरून? कृपया "मनाचं ऐका" सांगू नका, तेच ऐकून खांदा दुखतोय.

प्रतिसाद

ताई, सगळ्यात चांगल्या शंभराची वेळ विसरा. आठवा शंभर कितीत येतो, त्यावर लेन ठरते. एक करून बघा: नीट वॉर्मअप करून ४०० मीटर जमेल तितकं जोरात, मग चांगली विश्रांती घेऊन २०० तसंच. ४०० च्या वेळेतून २०० ची वजा करायची आणि उत्तराचे दोन भाग करायचे. साधारण हा वेग तुम्ही बराच वेळ टिकवू शकता. फिन्स (पायात घालायचे पंख), पुलबॉय (मांड्यांत धरायचा फोमचा तुकडा) काही नको, आणि कोणाच्या मागेही नको. एकटीने.

प्रतिसाद

वरच्यांना +१. शिवाय एका लेंग्थला किती हात मारता ते मोजा. माझे २५ मीटरला सुरुवातीला २२ असतात, दमलो की २७. आकडा चढला की समजायचं, आपण पोहत नाही, पाणी बडवतोय.

आणि टिचकीचा राग मानू नका. पायाला हात लागला की 'पुढे जाऊ द्या' एवढाच अर्थ. मध्ये कधीच थांबायचं नाही. भिंतीपर्यंत जायचं, कोपऱ्यात सरकायचं, वळायला मधली जागा मोकळी सोडायची. नवीन लेनमध्ये सगळ्यात शेवटी, १० सेकंद सोडून सुटा.

धागाकर्ती

आज केलं. ४०० ला ९:४०, २०० ला ४:४०. वजाबाकी ५ मिनिटं, म्हणजे १०० ला २:३०! हात पहिल्या लेंग्थला २६, शेवटच्या लेंग्थला ३३. ३३!!

प्रतिसाद

मग झालं की उत्तर. तिसरी लेन २:३० ला सुटते आणि तुमचा टिकणारा वेगही २:३०. विश्रांती शून्य. चार शंभर तुम्ही साठवलेल्या दमावर मारलेत. हाच आकडा २:२० च्या आसपास आला, म्हणजे भिंतीला दहा सेकंद मिळाली, की बिनधास्त जा.

पण तोवर दुसरीत बसून राहू नका. त्या ४० सेकंदांनी तुमची वाढ खुंटलीय. आठवड्यातून दोनदा पहिले चार शंभर तिसरीत शेवटी राहून मारा आणि परत या. चार जमले की पाच. दुसरीत असाल तेव्हा सरांना सांगून ३ मिनिटांच्या जागी २:४५ करून घ्या. आणि नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवा, समोर नाही. डोकं खाली गेलं की पाय आपोआप वर येतात. त्या तेहतिसातले तीन-चार हात तिथेच वाचतील.

धागाकर्ती

२:४५ ला लेनमधले बाकीचे मला जिवंत ठेवणार नाहीत, त्यामुळे ते राहू दे. चार शंभरांचं मात्र कालपासून सुरू केलं. सरांना आधी सांगितलं, त्या गृहस्थांनाही सांगितलं. ते म्हणाले, "या की, फक्त मध्ये थांबू नका."

चौथा २:२२ ला आला. दोरीखालून परत आले तर काकूंनी "आलीस?" एवढंच विचारलं आणि पुढची जागा करून दिली. तीन आठवड्यांनी परत ४०० आणि २०० मारून आकडे इथेच टाकते.