मदत हवी आहे : एमजीबी १९७२, पेट्रोलचा काटा आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी रोडस्टर (ब्रिटिश, उघड्या टपाची), १९७२ची, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं), मीटर मूळचे स्मिथ्स कंपनीचे. टाकी फुल्ल केली की काटा एफच्याही पुढे जातो. निम्म्या टाकीला पाऊण दाखवतो, आणि पाव दाखवतो तेव्हा टाकीत तळालाच काय ते उरलेलं असतं. रात्री हेडलाइट लावले की काटा किंचित उतरतो. इथल्या एका वायरमनने काही न मोजताच 'टाकीतलं युनिट (फ्लोटवरून पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) गेलंय, नवं मागवा' म्हणून सांगितलं. ते बाहेरून मागवायचं म्हणजे खर्च आणि वाट बघणं. या भरवशावर चोर्ला घाटात गाडी घालायची हिंमत होत नाही. घरी डिजिटल मल्टीमीटर आहे. कुठून सुरुवात करू?

खानापूर_रोड
टाकीची अर्थ वायर बघा आधी. आपल्याकडच्या पावसात ती काळी वायर हमखास गंजते.

पाना_निपाणी
अर्थ वायर बघायला हरकत नाही, पण यांचा दोष तिचा नव्हे. या मीटरमध्ये युनिटचा रेझिस्टन्स कमी म्हणजे टाकी भरलेली : फुल्लला साधारण २०-३० ओहम, निम्म्याला ७०च्या आसपास, रिकामीला २४०. टाकीची अर्थ गंजली तर रेझिस्टन्स वाढतो आणि काटा कमी दाखवतो. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला तरीही कमीच. यांचा सगळीकडे जास्त दाखवतोय.

हेडलाइटची खूण बघा की. काटा बॅटरीच्या व्होल्टेजबरोबर हलतोय, म्हणजे डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर (मीटरला जाणारं व्होल्टेज स्थिर ठेवणारी पत्र्याची डबी) काम करत नाही. मीटरला सरासरी १० व्होल्ट जायला हवेत, तिथे थेट १२-१४ जात असणार.

टाकीला हात लावायच्या आधी हे करा. टाकीच्या युनिटवरची हिरवी-काळी वायर काढा आणि युनिटचं टर्मिनल ते चेसिस ओहम मोजा. मग त्या वायरचं टोक ६८ ओहम, १ वॉटच्या रेझिस्टरमधून चेसिसला जोडून इग्निशन चालू करा. मीटर आत तापणाऱ्या पट्टीवर चालतं, काटा सावकाश चढतो, तेव्हा दोन मिनिटं थांबा. निम्म्यावर यायला हवा. वायर थेट चेसिसला लावून ठेवू नका, मीटरची गुंडाळी जळेल. ठिणगी पडू शकते, म्हणून वायर जोडणं-काढणं इग्निशन बंद असतानाच, आणि टाकीचं झाकण घट्ट लावून.

टिळकवाडीकर
टाकी अंदाजे निम्मी. युनिट ७४ ओहम. ६८चा रेझिस्टर लावला तर काटा पाऊणवर. स्टॅबिलायझरच्या आय टर्मिनलला (फिकट हिरवी वायर) १२.४ व्होल्ट, अजिबात हलत नाहीत. बॅटरीच्या निगेटिव्हपासून मोजलं तर स्टॅबिलायझरच्या पत्र्याच्या डबीवरही जवळपास १२ दिसतात. हे कसं काय?

पाना_निपाणी
सापडलं. डबीवर शून्य दिसायला हवं. आतला हीटर पट्टी तापवून कॉन्टॅक्ट सारखा उघड-बंद करतो, त्यातून सरासरी १० व्होल्ट मिळतात. त्या हीटरचा करंट डबीतून, तिच्या स्क्रूतून चेसिसला जातो. स्क्रूखाली रंग किंवा गंज असला की हीटर तापत नाही, कॉन्टॅक्ट उघडत नाही आणि मीटरला पूर्ण व्होल्टेज मिळत राहतं. युनिट निर्दोष आहे, मागवू नका.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, स्क्रू काढून डबीचा कान आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा. मी तर डबीच्या कानातून वेगळी काळी वायर चांगल्या अर्थ पॉइंटला नेईन, पुन्हा बघायला नको. बी आणि ई खुणा असलेली बाजू वरच राहू द्या, डबी आडवी बसवली तर आतली पट्टी चुकीचं मोजते. मग आय टर्मिनलला टेस्ट लॅम्प लावा, उघडझाप व्हायला हवी. डिजिटल मीटरवर आकडे ० आणि १२ मध्ये उड्या मारतील, तो बिघाड नव्हे.

चिकोडी_वायरिंग
अर्थ दिल्यावरही लॅम्प सलग पेटून राहिला तर आतले कॉन्टॅक्ट चिकटलेत. मग ७८१०चा (१० व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक) रेग्युलेटर बसवा, स्वस्त आहे. त्याची पत्र्याची पाठ अर्थच असते, थेट चेसिसला कसता येते. ज्यांची गाडी १९६७च्या आधीची, पॉझिटिव्ह अर्थवाली आहे त्यांनी ७९१० घ्यावा, पण त्याची पाठ अर्थ नसते, मध्ये वीज अडवणारा अभ्रक हवाच.

मीटरच्या पाठीमागे बुचांखाली दोन भोकं असतात, काटा जुळवायची. त्यांना सध्या हात लावू नका. चुकीच्या व्होल्टेजवर जुळवलेला काटा पुढे कधीच खरं सांगत नाही. आणि टाकी कधी उतरवलीच तर फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत खळखळ नको. युनिटचं सीलही नवं टाका. आपल्याच उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्के येतंय, जुनं रबर त्यात फुगतं.

टिळकवाडीकर
डबीचा कान घासला, वेगळी अर्थ दिली. लॅम्प मिचकतोय. ६८ ओहमला काटा बरोब्बर निम्म्यावर. आता हिरवी-काळी परत टाकीच्या युनिटला जोडतो.