क्रुसेडर किंग्ज ३ : राजा गेला की राज्य फुटतं, तुमची तयारी काय असते?

परवा या मध्ययुगीन राजघराणं चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये १०६६चा आयर्लंडचा नकाशा, तिथल्या मन्स्टरचा छोटा राजा मुर्चाद पुन्हा दिसला आणि धागा काढावासा वाटला. बेट जिंकणं सोपं, घात होतो तो म्हातारा गेल्यावर. सुरुवातीला कॉन्फेडरेट पार्टिशन असतं, म्हणजे राज्याची मुलांत वाटणी. आयर्लंडचा मुकुट तुमच्याकडे आणि वेल्सचा अर्ध्याहून जास्त मुलूखही, तर वेल्सचा मुकुट तुम्ही केला नसला तरी गेम तो घडवून धाकट्याला देतो. तो मग स्वतंत्र. म्हणून दुसऱ्या राज्यात अर्ध्याच्या आत थांबा. हेरेडिटरी रूल हा गेममधला शोध लागला की साधं पार्टिशन लावा, नवे मुकुट निघणं बंद. तुमचे अनुभव लिहा.

रानवारा: साम्राज्याचा मुकुट असेल तर धाकटा राजा होऊनही हाताखालीच राहतो. पण तो मुकुट घडवायला त्या साम्राज्याची ८०% जमीन लागते. घाई नको.

सकाळचा_चहा: फ्यूडल इलेक्टिव्ह! मुकुटावर निवडणूक लावली की तो वाटणीत जात नाही. फक्त मतं दर दोन-चार वर्षांनी उघडून बघा. व्हॅसल (मांडलिक) नाराज असले तर मुकुट परक्या घराण्यात जातो आणि आपला वारस त्याचा व्हॅसल होऊन बसतो.

शिळीभाकरी: जास्तीच्या मुलाला संन्यास घ्यायला लावा, पुण्याई खर्च होते पण वाटणीतून जातो. बेदखल करायचं तर रिनाउन (घराण्याची कीर्ती) जातं, ते मला फार महाग वाटतं.

आजोळ: मुलगी वारस असेल तर लग्न मॅट्रिलिनियलच, म्हणजे मुलं आईच्या घराण्याची. ती खूण करायची राहिली की नातवंडं जावयाच्या घराण्याची, आणि तिच्यानंतर गादी त्यांच्याकडे गेली की खेळ संपला. मागणी पाठवण्याआधी दोनदा बघा.

रानवारा: @आजोळ अगदी. सगळ्यात जास्त राज्यं याच एका खुणेपायी गेलीत.

कुकरची_शिट्टी: शिक्षणावर कुणीच बोललं नाही. तिसऱ्या वर्षी मुलाचा स्वभाव कळतो, सहाव्या वर्षी शिक्षण ठरवायचं. पेन्सिव्ह (विचारी) असेल तर लर्निंग (विद्या) किंवा स्टीवर्डशिप (कारभार), बॉसी (हुकूम सोडणारा) असेल तर स्टीवर्डशिप किंवा मार्शल (युद्ध), राउडी (दांडगट) असेल तर मार्शल किंवा इंट्रीग (कारस्थान). पालक त्याच विषयात हुशार हवा. एका पालकाला दोनच मुलं देता येतात, म्हणून चांगला पालक थोरल्यासाठी राखून ठेवा. बाकी नंतर, गॅसवर भाजी आहे.

दख्खनचा_गडी: थोडं अवांतर, नकाशात आपला महाराष्ट्रही आहे. ८६७ पासून सुरू केलं तर राष्ट्रकूट हाताशी असतात. आयर्लंडवाल्यांनी एकदा इकडे यावं.

सकाळचा_चहा: इकडे शेजारी दणकट, नवख्याला झेपत नाही.

दख्खनचा_गडी: म्हणूनच मजा!

शिळीभाकरी: मूळ विषयावर. नव्या राजाला सुरुवातीला व्हॅसल मानत नाहीत, गट उभे राहतात, आणि बापाचे मित्रराजे आपोआप मिळतीलच असं नाही. म्हातारा साठीला आला की वाडे-किल्ले बांधणं थांबवून सोनं साठवा. भाडोत्री सैन्य तेव्हाच लागतं.

कुकरची_शिट्टी: आले. आणि थोरल्याला जिवंतपणीच राजधानीच्या डचीतली (प्रांतातली) एखादी काउंटी (जिल्हा) द्या, ती त्याच्या वाट्यात धरली जाते.