दंडावरचा सेन्सर आधी की पंप? सोलापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

भाचीला टाईप १ मधुमेह आहे, कॉलेजात जाते, पेनने दिवसाला चार वेळा इन्सुलिन घेते. आता घरात वाद चाललाय की दंडावर चिकटवायचा, शुगर दाखवणारा सेन्सर घ्यायचा का थेट इन्सुलिन पंपच घ्यायचा. डॉक्टर म्हणाले दोन्ही चांगलं, ठरवा तुम्ही (म्हणजे खिसा बघून). ज्यांनी स्वतः किंवा घरात वापरलंय त्यांनीच लिहा. कारल्याचा रस पिऊन इन्सुलिन सुटलं वाले कृपया नको, टाईप १ मध्ये शरीरात इन्सुलिन बनतच नाही जवळपास, ते बाहेरूनच द्यावं लागतं.

जुळे सोलापूरची आई
ताई, आधी एक बघा, ह्या दोन वस्तू एकमेकींच्या बदल्यात घ्यायच्या नाहीतच. सेन्सर नुसता दाखवतो, पंप इन्सुलिन देतो. आमच्या लेकाला लिब्रे नावाचा सेन्सर लावतो, एक सेन्सर १४ दिवस चालतो, चार-पाच हजाराला पडतो, त्यामुळे सलग नाही परवडत, परीक्षा किंवा आजारपण असलं की लावायचा. पण डोळे उघडले हो त्याने! सासूबाईंचं ठाम मत की ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढत नाही, मग एका दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही असं जेवून झाल्यावर सगळे मोबाईलभोवती बसलो आणि बाण जो वर चढायला लागला की सासूबाई म्हणाल्या मशीन बिघडलंय. भाकरी बंद नाही केली, फक्त इन्सुलिन जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी द्यायला लागलो (डॉक्टरांना विचारूनच), आता तीच भाकरी खातो आणि रेष बऱ्यापैकी सपाट राहते. बोटाला टोचून दिवसातले चार आकडे कळायचे, मधे काय चाललंय ते कळायचंच नाही.

बाराबंदीवाला
मी पंपवर आहे, सेन्सर जोडलेला. मेडट्रॉनिकचा ७८०जी, दर पाच मिनिटाला शुगर बघून इन्सुलिन कमीजास्त करतो, पण लोकांना वाटतं सगळं आपोआप होतंय, तसं नाही बे, जेवताना किती कार्ब (भाकरी, भात, साखर वगैरे) खालालोय ते सांगावंच लागतं. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वजाबरोबर चालतो. ६८ लिंगांचा तैलाभिषेक म्हणजे दिवसभर पायपीट, पूर्वी पेनवर असताना सकाळी घेतलेलं, दिवसभर हळूहळू चालणारं लाँग अ‍ॅक्टिंग परत काढून घेता येत नाही ना, दुपारी हातपाय थरथरायचे आणि मित्र चिक्की घेऊन मागे. आता चालायच्या आधी शुगरचं टार्गेट वाढवून ठेवतो. पंप बाराबंदीच्या (बंद बांधायच्या पांढऱ्या अंगरख्याच्या) आत कमरेला कापडी पिशवीत, नळी बंदाखालून. दरवर्षी कोणीतरी विचारतोच, "काय लावलालास बे, पेजर?" ग्लुकोजची पुडी मात्र अजून खिशात असते. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबायचं, परत बघायचं, साखर काही पंप देऊ शकत नाही.

अक्कलकोट रोड, कारखाना
माझं टाईप २, इन्सुलिन रात्री एकदाच. आमच्यासारख्यांना पंपाची गरज नाही असं माझं मत, कोणाला पटो न पटो. डॉक्टरांकडे जायच्या आधी एखादा सेन्सर लावतो, त्यांना सगळा आलेख मिळतो. दोन गोष्टी कोणी सांगत नाही: त्या कुशीवर झोपलं की दंड दाबला जाऊन खोटा लो (कमी शुगर) दाखवतो, बायको घाबरून साखर घेऊन उभी. आणि हा रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली शुगर मोजतो, त्यामुळे आकडा थोडा मागे असतो, घाम फुटलाय आणि मोबाईल १०० म्हणतोय तर बोटाला टोचून बघा. मे महिन्यात लूमवर ४२-४३ डिग्रीत पट्टी सुटते ती वेगळीच कटकट. इन्सुलिन आमचं माठाशेजारी ओल्या मडक्यात, लाईट गेली तरी टेन्शन नाही.

पंप कपाटात
लेकीसाठी काही लाख घालून पंप घेतला, विकणाऱ्याने मशीनची किंमत सांगितली, दर दोन-तीन दिवसाला बदलायचा नळीचा सेट, रिझर्व्हॉयर (इन्सुलिनची टाकी), सेन्सर ह्याचा महिन्याचा खर्च मात्र बिल आल्यावर कळला. आणि धोका नीट समजून घ्या, पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं, लाँग अ‍ॅक्टिंग नसतंच, म्हणजे नळी अडकली की काही तासांत शरीरात इन्सुलिन शून्य. एका रात्री कॅन्युला (कातडीखालची बारीक नळी) वाकली, सकाळी शुगर चारशेच्या वर, उलट्या, किटोन (इन्सुलिन नसलं की रक्तात साचणारं आम्ल), थेट ॲडमिट. आता पेन आणि सेन्सर, बरं चाललंय. पंप वाईट म्हणत नाही मी, पण घरात पेन, सुया, किटोनच्या पट्ट्या तयार नसतील तर घेऊ नका.

अशोक चौक
आमच्याकडे दोन्ही नाही, आई विड्या वळते. ग्लुकोमीटर आणि ४० युनिटची (एका मिलीत ४० युनिट) बाटली, लाल टोपणाची सिरिंज. एवढंच सांगते, पेनचं आणि पंपाचं इन्सुलिन बहुतेक १०० युनिटचं असतं, ते ४० च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीच पट जातं. बदल करताना जुन्या सिरिंजा घरात ठेवू नका.

धागा टाकणारी
सगळ्यांचं वाचून भाऊजींना दाखवलं. सध्या सेन्सर लावतोय, पंपाचं वर्षभर आलेख बघून, आणि महिन्याचा खर्च आधी लिहून घेऊन. कारखानावाले काका, उन्हात पट्टी सुटू नये म्हणून वरून काय चिकटवता तेवढं सांगा, भाची दुपारी सात रस्त्यावरून सायकलने येते.