ओढ्याकाठच्या पायवाटेवर धावायला बूट कोणते? मदत हवी आहे

मंडळी, घराजवळच्या उद्यानात ओढ्याला लागून मातीची पायवाट आहे. दोन्ही बाजूंनी झाडी, त्यामुळे उन्हं वर आली तरी धावायला त्रास होत नाही. अडचण अशी की सावलीमुळे वाट लवकर सुकत नाही. वळणावरच्या लाकडी साकवावर शेवाळ धरलंय, कुजक्या पानांखालची मुळं दिसत नाहीत, आणि माझ्या रस्त्यावर धावायच्या बुटांचा सपाट तळ तिथे सर्रकन सरकतो.

ट्रेल शूज (मातीच्या वाटांवर धावायचे, तळाला दाते असलेले बूट) घ्यावेत असं मनात आहे. पण फाटकापर्यंत डांबरी रस्ताच आहे, तिथे ५ मिमीचे खोल दाते झिजून जातील ना? ३ मिमीच्या आसपासचे ओल्या मातीला पुरतात का? ओल्या लाकडावर दात्यांपेक्षा रबराची पकड महत्त्वाची, एवढं ठाऊक आहे. वॉटरप्रूफ नकोत, वरून पाणी आत गेलं की लवकर निघत नाही.

जाता जाता: दाट झाडीत घड्याळाचं जीपीएस भलतंच अंतर दाखवतं (नकाशावर तर मी चक्क ओढ्यातून पळतोय!). बुटाला लावायच्या सेन्सरने फरक पडतो का? वापरणाऱ्यांनीच सांगा, जाहिराती वाचून झाल्यात.