रिपीटरच्या यादीत ‘शेवटचा कधी ऐकला’ हे नसेल, तर ती यादी घेऊन निघू नका

दादर_दोन_मीटर (धागाकर्ता)

पावसाळा तोंडावर आला की हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींच्या ग्रुपवर एक फाइल फिरायला लागते. ‘महाराष्ट्र रिपीटर लिस्ट, लेटेस्ट’. ती कुणी केली, कधी केली, कुणालाच सांगता येत नाही. मुंबईहून कोकणात, नाशिकला, महाबळेश्वरला निघणारा माणूस ती हँडीत (हातातल्या रेडिओ सेटमध्ये) भरतो आणि निर्धास्त होतो. मला हे धोक्याचं वाटतं. ज्या नोंदीपुढे ती शेवटची कधी, कुठून आणि कुणी तपासली हे लिहिलेलं नाही, ती नोंद आणीबाणीत नसलेली बरी. नोंदच नसेल तर माणूस दुसरा मार्ग शोधतो. खोटी असेल तर तिच्यावरच विसंबून पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबत बसतो, आणि त्यात बॅटरी आणि वेळ दोन्ही जातात.

विषय नवा असलेल्यांसाठी थोडक्यात. हातातली हँडी जेमतेम ५ वॉटची, आणि या फ्रिक्वेन्सीला डोंगर आडवा आला की संपलं. म्हणून डोंगरावर किंवा उंच इमारतीवर रिपीटर असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर तुमचं ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने सोडतो. आपल्याकडे टू मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, आणि या दोन फ्रिक्वेन्सींत साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचं अंतर, तीच शिफ्ट. शिवाय बहुतेक ठिकाणी टोन लागतो. तो आवाजाखाली सतत जाणारा बारीक सूर. तो नसेल तर रिपीटर तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. फ्रिक्वेन्सी, शिफ्ट, टोन. यातलं एक जरी चुकलं तरी चालू रिपीटर मेल्यासारखा वाटतो.

आता नोंदी खराब कशा होतात ते बघा. वीज पडते. बॅटरी म्हातारी होते. आणि मुंबईत तर सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली की गच्चीवरचा अँटेना, केबल, पेटी सगळं एका आठवड्यात खाली येतं. रिपीटर गेला, नोंद राहिली. मग एक साइट दुसरीवरून उचलते, दुसरी पीडीएफवरून, आणि एकच जुनी चूक तीन ठिकाणी दिसल्यावर ती खरी वाटायला लागते. रिपीटरबुकसारख्या साइट स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. अमेरिकेत बदल कळवणारे भरपूर आहेत, आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोष साइटचा नाही, न कळवणाऱ्या आपला आहे.

यूएचएफचं, म्हणजे ७० सेंटीमीटरच्या पट्ट्याचं, तर विचारूच नका. प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर अमेरिकी बँडप्लॅनवर ठेवलं तर ७० सेंटीमीटरला आपोआप ५ मेगाहर्ट्झची शिफ्ट लावतं. आपला पट्टाच मुळात ४३४ ते ४३८, म्हणजे ४ मेगाहर्ट्झचा. ५ची शिफ्ट लावली की तुमचं ट्रान्समिशन पट्ट्याबाहेर, परवानगी नसलेल्या जागी. तरी असा आकडा लिहिलेल्या नोंदी मी भारताच्या याद्यांत बघितल्या आहेत. म्हणजे तो रिपीटर एकदाही न उघडता, त्यातून आपला सिग्नल जातो का ते न बघता, ती नोंद टाकली गेली.

माझी सूचना: नोंदीपुढे तारीख हवी, कुठून उघडला ती जागा हवी, तपासणाऱ्याची कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारं ओळखचिन्ह) हवी. आणि बंद पडलेला रिपीटर यादीतून पुसू नका, ‘वर्षभरात कुणी ऐकलेला नाही’ असं लिहून ठेवा. पुसला की कुणीतरी जुन्या फाइलमधून तो परत आणून घालतोच.

शीव_सिम्प्लेक्स

तळमळ पटते, दिशा पटत नाही. आणीबाणीसाठी रिपीटरवर भिस्त ठेवायची हेच मुळात चूक, मग यादी कितीही ताजी असो.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांत वीज गेली, मोबाइल ठप्प झाले. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. रिपीटर ही शेवटी मोबाइल टॉवरसारखीच वस्तू. त्यालाही वीज लागते, खांब लागतो, वाऱ्यात टिकणारा अँटेना लागतो. ज्या दिवशी तुम्हाला त्याची गरज असेल त्याच दिवशी तो आडवा झालेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तुमची ‘शेवटचा ऐकला’ची तारीख आदल्या दिवसाची असली तरी त्या दिवशी उपयोग शून्य.

२६ डिसेंबर २००४ला अंदमानात त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओचा चमू, भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली, योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होता. तिथून देशाला निरोप गेले ते एचएफवरून, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवरून. ४० मीटरच्या पट्ट्याचा (७ मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, जमिनीपासून थोडाच वर बांधा, सिग्नल सरळ वर जातो आणि शे-दोनशे किलोमीटरच्या टापूत खाली येतो. सह्याद्री आडवा आला तरी काही बिघडत नाही. ७.११० मेगाहर्ट्झ ही आपल्या विभागात आणीबाणीसाठी ठरलेली फ्रिक्वेन्सी आहे. ती पाठ करा. जवळच्या जवळ बोलायला सिम्प्लेक्स, म्हणजे रिपीटरविना थेट सेटवरून सेटवर. याद्या नंतर.

दादर_दोन_मीटर

एचएफला माझा विरोध नाही, घरी तेच वापरतो. पण ताम्हिणीत दरड कोसळून अडकलेल्या गाडीत बसलेल्या माणसाने डायपोल कशाला बांधायचा, आणि तोही पावसात? त्याच्याकडे हँडी असते, फार तर गाडीत बसवलेला रेडिओ सेट. शिवाय रात्री उशिरा ७ मेगाहर्ट्झवर जवळची स्टेशनं बरेचदा नाहीशी होतात, लांबची मात्र ठणठणीत येतात. इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३च्या रात्रीच कोसळली होती.

आणि रिपीटर पडतो म्हणून त्याची नोंद नीट ठेवायची नाही, हे मला समजत नाही. पडतो म्हणूनच तर नोंद नीट हवी.

मुलुंड_मास्ट

एका रिपीटरच्या देखभालीत मी हातभार लावतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

टोनसकट यादी उघड्यावर टाकली की आठवड्याभरात त्रास सुरू होतो. विनापरवाना स्वस्त हँडी घेतलेली पोरं येतात, शिट्ट्या मारतात, गाणी लावतात, कॅरिअर (नुसता, आवाजाविना सिग्नल) दाबून ठेवतात. नेट (ठरल्या वेळी रेडिओवर भरणारी हजेरीची बैठक) चालू असताना हे झालं की ज्येष्ठ मंडळी वैतागून सेट बंद करतात, आणि अशी तुटलेली माणसं परत येत नाहीत. दुसरं, अचूक जागा लिहिली की बॅटऱ्या आणि तांब्याची केबल चोरीला जाते. कुणी प्रवासाला निघण्याआधी विचारलं तर आम्ही टोन सांगतो, कॉल साइन बघून सांगतो. यात गैर काय?

डोंगरवाट

@मुलुंड_मास्ट, चोरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. टोनचा अजिबात नाही.

टोन म्हणजे कुलूप नव्हे. त्याच फ्रिक्वेन्सीवरच्या दुसऱ्या स्टेशनच्या कचऱ्याने रिपीटर उघडू नये म्हणून तो असतो. तुमच्या इनपुटवर (रिपीटर ऐकतो त्या फ्रिक्वेन्सीवर) बोलणाऱ्याच्या आसपास उभं राहिलं की स्वस्तातली हँडीसुद्धा स्कॅन करून टोन काढून देते. त्रास देणारा तो शोधतोच. अडतो तो फक्त सरळमार्गी परका माणूस. रात्री महाडच्या पुढे गाडी बंद पडलेल्या पुण्याच्या किंवा बेळगावच्या हॅमने टोन विचारायला तुम्हाला कुठे गाठायचं? फोन लागत असता तर त्याने रेडिओ काढलाच नसता.

धागाकर्त्यालाही एक सांगतो. ‘ऐकला नाही’ आणि ‘बंद आहे’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी उभं राहून कोकणातला सिग्नल येतो, आणि पठारावर थोडं मागे सरकलं की फक्त खरखर. तिथून कुणी ‘डेड’ असा रिपोर्ट टाकला तर चालू रिपीटर कागदावर मारला जातो. म्हणून तपासायची रीत ठरलेली हवी. आधी आउटपुट (रिपीटर सोडतो ती फ्रिक्वेन्सी) ऐकत राहायचं, कुणाचं बोलणं चालू असेल तर मधे घुसायचं नाही. मग कॉल साइन देऊन पीटीटी सोडायचं आणि कान द्यायचा. बटण सोडल्यावरही क्षणभर कॅरिअर तसाच राहतो, मग ‘खट्’ करून स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) मिटतो. ही टेल आली म्हणजे तुम्ही रिपीटर उघडला. टेल आली पण कुणी उत्तर दिलं नाही, तरी तीही चांगली नोंद आहे, तीच लिहा. टेल आली नाही, तर टोन आणि शिफ्ट पुन्हा बघा, जागा बदला, उंचावर जा. तरी नाही आली तर ‘अमुक ठिकाणाहून उघडला नाही’ एवढंच लिहा. ‘बंद’ हा शब्द रिपीटर सांभाळणाऱ्यांनीच वापरावा.

आणि एकोलिंकवर (रिपीटर इंटरनेटने जोडणाऱ्या सेवेवर) नोड चालू दिसतो म्हणून रिपीटर चालू आहे असं कृपया धरू नका. त्यावरून इंटरनेटची बाजू चालू आहे एवढंच कळतं.

परळ_नवखी

मी हॅम परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड (प्राथमिक) ग्रेडच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. ट्रेकला जाताना तोपर्यंत हँडी जवळ ठेवली तर चालेल का? आणि ही यादी फोनमध्ये ठेवायची का कागदावर?

डोंगरवाट

@परळ_नवखी, परवाना हातात येईपर्यंत नाही. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या परवाना देणाऱ्या शाखेकडून परवाना आणि कॉल साइन मिळाल्याशिवाय ट्रान्समिट करायचं नाही. तोवर ११२ पाठ असू दे, मुंबईत महापालिकेच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १९१६ही. यादी कागदावरच हवी, प्लास्टिकच्या पाकिटात, सॅकच्या वरच्या खणात. जाणार त्या वाटेवरचे रिपीटर तेवढे लिहायचे, सगळा महाराष्ट्र नको. परीक्षेला शुभेच्छा!

शीव_सिम्प्लेक्स

तपासण्याची रीत आवडली. तेवढ्यापुरता मी यादीच्या बाजूचा. फक्त तारखा गोळा करायला वेगळी मोहीम काढू नका, ती दोन महिन्यांत थंडावते. रविवारच्या नेटवर चेक-इन होतातच. नेट कंट्रोलने (नेट चालवणाऱ्याने) प्रत्येकाला ‘कुठून, किती पॉवर, कोणता अँटेना’ एवढं विचारून लॉगमध्ये लिहिलं तर दर आठवड्याला यादी आपोआप ताजी होते. पनवेलहून हँडीवर आला, का विरारहून गच्चीतल्या यागीवर (एका दिशेला रोखलेल्या मोठ्या अँटेनावर), यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रवाशाला पहिलीच माहिती हवी असते.

पण छापताना सर्वांत वर सिम्प्लेक्स फ्रिक्वेन्सी आणि ७.११० घाला. याबाबत मी माघार घेणार नाही.

दादर_दोन_मीटर

घातल्या. लॉगची कल्पना माझ्या कल्पनेपेक्षा चांगली आहे. @मुलुंड_मास्ट, जागा फक्त परिसरापुरती लिहू, अक्षांश-रेखांश नको. टोन मात्र राहणार.

मुलुंड_मास्ट

टोनवर सभासदांशी बोलतो, मला स्वतःला डोंगरवाटचं म्हणणं पटू लागलंय. पण रिपीटर दुरुस्तीला खाली उतरवला तर ‘अमुक तारखेपासून बंद’ असं जाहीर करायला माझी तयारी नाही. रिकाम्या डोंगरावर रिकामी पेटी आहे, राखायला कुणी नाही, हे गावभर सांगण्यासारखं आहे ते. सौर पॅनल तिथेच असतं.

डोंगरवाट

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा हौशी रिपीटर बघा. अपलिंक १४५.९९०, टोन ६७, डाउनलिंक ४३७.८००. सगळं उघड, आणि तो कधी बंद राहणार तेही आधी सांगतात.

मुलुंड_मास्ट

तिथे केबल कापायला कुणी चढत नाही हो. आमच्याकडे चढतात.

दादर_दोन_मीटर

मग मधला मार्ग असा: तुमच्याकडून ‘बंद’ कळवायची गरज नाही, पण लॉगमध्ये दोन महिने कुणाचीही नोंद आली नाही तर तुमच्या रिपीटरपुढे ‘माहिती जुनी, विसंबू नये’ असं छापलं जाईल. कारण लिहिणार नाही. पण त्याहून सौम्यही काही लिहिणार नाही.